पदवीतले १२० तास वाया घालवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

निकाल लागले की नाशिकमध्ये रोजगार मेळाव्यांचे फलक लागतात. मेळावा झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते: इतक्या कंपन्या आल्या, इतक्या जागा होत्या, इतक्या उमेदवारांची जागेवरच निवड झाली. त्या निवडलेल्यांपैकी किती जण तीन महिन्यांनी कामावर होते, हे मात्र कुणी विचारत नाही. सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांत भरती करणारे आणि नव्या मुलामुलींना कामाला लावणारे आम्ही काही जण आहोत. एकीकडे जागा रिकाम्या आणि दुसरीकडे पदवीधर घरी, ही दोन्ही चित्रे खरी आहेत. त्यामागची बरीचशी कारणे भाषणांत सांगितली जातात त्याहून साधी आहेत आणि दुरुस्त होण्याजोगी आहेत. ती तपशिलाने मांडावीत म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘आजच्या मुलांना कामच नको असते’ हे आम्हाला मान्य नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. राज्यात २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. जागाच कमी आहेत आणि हा दोष मुलांचा नाही. पण ज्या जागा आहेत त्याही नीट भरल्या जात नाहीत, आणि तिथे काही करणे आपल्या हातात आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण आले आहे. सगळे त्याला ओजेटी म्हणतात. चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. आमच्या मते पदवीच्या तीन वर्षांत नोकरीच्या दृष्टीने याहून मोलाचे काही नाही, आणि सर्वांत जास्त वाया जातात तेही हेच तास. ओळखीच्या दुकानाच्या किंवा कारखान्याच्या लेटरहेडवर पत्र घ्यायचे, इंटरनेटवरून चाळीस पानांचा अहवाल उतरवायचा, शिक्का मारून स्पायरल बाइंडिंग करायचे, की झाले. मुलाखतीत आम्ही विचारतो, ‘ओजेटीत काय केलेत?’ उत्तर येते, ‘अकाउंट्सचे काम पाहिले.’ मग विचारावे, ‘एका बिलाचे सांगा, ते आले तेव्हापासून पैसे जाईपर्यंत काय काय झाले?’ इथे गाडी थांबते.

वाणिज्य शाखेपासूनच सुरुवात करतो, कारण सर्वाधिक अर्ज बी.कॉम.चे असतात. जवळपास प्रत्येकाच्या बायोडाटात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे प्रमाणपत्र असते. एफ-९ दाबला की खरेदीचे व्हाउचर उघडते, हे क्लासमध्ये शिकवलेले असते. पण कारखान्यात काम त्याच्या आधी सुरू होते. पुरवठादाराचे बिल हातात आले की पहिल्यांदा तीन कागद शेजारी ठेवायचे: आपली खरेदी ऑर्डर, गेटवर माल उतरवून घेतल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि बिल. नग तिन्हीकडे सारखे आहेत का? दर ऑर्डरप्रमाणे आहे का? मग आपला जीएसटी क्रमांक बिलावर बरोबर आहे का ते पाहायचे. महाराष्ट्रातला क्रमांक २७ने सुरू होतो. पुरवठादारही राज्यातला असेल तर केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा-निम्मा लागतो. माल गुजरातेतून आला तर एकच आयजीएसटी. हे सगळे जुळले की मगच एंट्री.

आता यात चुकते काय? समजा १,१८,००० रुपयांचे बिल आहे, त्यात १८,००० कर. नव्या मुलाने एंट्री करून टाकली. पुरवठादाराने मात्र ते बिल आपल्या विवरणात दाखवलेच नाही. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २-बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते, त्यात ते दिसत नाही, आणि न दिसलेल्या बिलावरचा कर आपल्या देण्यातून वजा करता येत नाही. कुणी टॅली आणि २-बी ताडून पाहिले नाही तर १८,००० रुपये हक्क नसताना वजा केले जातात, आणि पुढे नोटीस आली की व्याजासह भरावे लागतात. म्हणून लहान कारखान्याच्या मालकाला टॅली येणाऱ्या मुलापेक्षा हे ताडून पाहणारा मुलगा हवा असतो.

अंबड-सातपूरचा बराचसा व्यवहार जॉबवर्कवर चालतो. माल प्लेटिंगला जातो, हीट ट्रीटमेंटला जातो आणि परत येतो. हा माल विकलेला नसतो, चलनावर गेलेला असतो. तो एका वर्षाच्या आत परत आला नाही तर कायद्याने पाठवल्या दिवशीच विकला असे धरतात आणि कर लागतो. प्लेटिंगवाल्याकडे पडून राहिलेल्या दोन पेट्यांचा हिशेब कुणाकडे असतो? बहुतेक ठिकाणी एका जाड वहीत आणि एका जुन्या माणसाच्या डोक्यात. हे चलन-रजिस्टर एक्सेलमध्ये घालून, कोणता माल किती दिवस बाहेर आहे याचा तक्ता दर सोमवारी देणारा पदवीधर पहिल्याच महिन्यात नजरेत भरतो.

एक्सेलचीही तीच गत. ‘एक्सेल येते’ असे सगळे लिहितात. २०० बिलांची एक यादी आणि बँकेतून गेलेल्या रकमांची दुसरी यादी द्या, आणि कोणती बिले बाकी आहेत ते वीस मिनिटांत काढायला सांगा. बहुतेक जण व्ही-लूकअप हे दुसऱ्या यादीतली जुळणारी नोंद आणणारे सूत्र लावतात, पण त्याचा शेवटचा भाग लिहीतच नाहीत. तो सोडला की एक्सेल तंतोतंत जुळणी न शोधता जवळची किंमत आणून देते. चूक झाल्याचा इशारा येत नाही, आकडा दिसतो आणि तो खोटा असतो. तिथे फॉल्स किंवा शून्य लिहायचेच. दुसरी अडचण न दिसणाऱ्या जागेची: बिल क्रमांकापुढे एक स्पेस राहिली की दोन सारखे क्रमांक जुळत नाहीत; ट्रिम लावले की जुळतात. तिसरी तारखेची: ५ एप्रिलची ४ मे होते. या तीन गोष्टी समजून सराव करायला दोन दुपारी पुरतात. तीन वर्षांच्या पदवीत त्या दोन दुपारी कुठेच नसतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

वाणिज्याच्या ओजेटीसाठी महाविद्यालयांना एक ठोस सूचना. हे १२० तास महिन्याच्या १ ते २० तारखेत बसवा. रविवार वगळून साधारण सतरा दिवस मिळतात. रोज सात तास धरले तर हिशेब जवळपास पुरा होतो. या वीस दिवसांत ७ तारखेला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) भरला जातो, ११ला विक्रीचे विवरण जाते, १४ला २-बी येते, १५ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) भरतात, २०ला ३-बी हे जीएसटीचे मासिक विवरण भरतात. विद्यार्थ्याला हिशेबाचा एक पूर्ण फेरा डोळ्यांदेखत दिसतो. २१ तारखेनंतर पाठवलेला मुलगा फक्त फायली लावतो. आणि मार्चमध्ये पाठवूच नका. वर्षअखेरीच्या घाईत शिकवायला कुणाला उसंत नसते. जानेवारी किंवा फेब्रुवारी उत्तम.

आता कारखान्याचा मजला. यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधराला आम्ही मुलाखतीत एक तुकडा आणि व्हर्निअर कॅलिपर देतो. अल्पतम माप ०.०२ मिमी, हे तोंडपाठ असते. पण जबडे मिटवून शून्य जुळते का हे आधी पाहणारे थोडे, आणि जबडा दाबून धरणारे खूप. मुख्य पट्टीवर २४ आणि व्हर्निअरची अठरावी रेघ जुळली तर २४.३६, हे कागदावर येते, हातात कॅलिपर आला की अडते. त्यापुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: हे माप घ्यायला हे साधन पुरेसे आहे का? ५० मिमीच्या शाफ्टला एच-७ची (लहान h) मर्यादा असेल तर वरच्या बाजूला शून्य आणि खालच्या बाजूला ०.०२५ मिमी एवढीच सूट असते. तिथे ०.०२चे व्हर्निअर घेऊन पास-नापास ठरवता येत नाही. सूट जेवढी, त्याच्या दहाव्या भागाएवढे बारीक मापणारे साधन हवे, हा मजल्यावरचा साधा नियम.

मशीनवरून उतरलेला तुकडा गरम असतो. मापाचे संदर्भ तापमान २० अंश. त्याहून ३० अंशांनी गरम असलेला ५० मिमीचा पोलादी शाफ्ट सुमारे ०.०१७ मिमी मोठा भरतो, म्हणजे मिळालेल्या सुटीतला दोन तृतीयांश भाग तापमानातच गेला. गरम असताना ‘ओके’ केलेला तुकडा ग्राहकाकडे पोचेपर्यंत लहान झालेला असतो आणि अख्खी लॉट परत येते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये शेडखाली हे जास्तच जाणवते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे शाळेतच शिकवलेले असते. त्याचा संबंध हातातल्या तुकड्याशी लावायला कुणी शिकवलेले नसते.

ड्रॉइंग वाचण्यातही तसेच. आपल्याकडे पहिल्या कोनाचे प्रक्षेपण शिकवतात. त्यात वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते. अमेरिकी ग्राहकाचे ड्रॉइंग तिसऱ्या कोनाचे असते, तिथे ते वर असते. खालच्या चौकटीतले कापलेल्या शंकूचे चिन्ह पाहिले नाही तर भोक उलट्या बाजूला पडते. त्याच चौकटीत सुधारणा क्रमांक असतो. ‘सी’ सुधारणा आली असताना मशीनजवळ ‘बी’चा तेलकट कागद लटकत राहिला, तर काम कितीही अचूक करा, माल बादच. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, व्यास ०.०४ मिमी जास्त भरला तर एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराच्या झिजेची दुरुस्ती भरायच्या जागी) उणे ०.०४ टाकायचे असते. घाईत चिन्ह चुकले तर व्यास आणखी वाढतो, आणि दशांशचिन्ह चुकून ०.४ गेले तर तुकडा भंगारात जातो. म्हणून नव्याने भरलेला आकडा दुसऱ्याने पाहिल्याशिवाय सायकल सुरू करायची नाही, आणि पहिला तुकडा मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. आयटीआय झालेल्या मुलांना यातले बरेच येते. पदवीधर अभियंत्याने त्यांच्या शेजारी उभे राहून शिकण्यात कमीपणा मानू नये. जे असे शिकतात ते दोन वर्षांत लाइन सांभाळतात.

बाकीच्या शाखांबद्दल थोडक्यात. रसायनशास्त्राच्या पदवीधरांना औषध कारखान्यांच्या प्रयोगशाळेत जागा असतात. तिथे हाताच्या कौशल्याइतकीच नोंदवहीची शिस्त लागते: चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर नाही, मागची तारीख नाही, ‘नंतर लिहू’ नाही. महाविद्यालयातल्या जर्नलमध्ये वाचन आधी कच्च्या कागदावर घेऊन मग सुबक उतरवण्याची सवय लावली जाते. नोकरीत नेमकी तीच सवय अंगाशी येते. स्थापत्य अभियंत्यांना सिंहस्थाच्या निमित्ताने कामे मिळत आहेत, पण साइटवर सळईचे वजन विचारले की मोबाईल निघतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मिमीची सळई मीटरला ०.८८९ किलो आणि १२ मीटरचा नग १०.६७ किलो, आलेला ट्रक काट्यावर ताडून पाहायला एवढे पुरते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये हंगामात दर्जा तपासणीला मुले-मुली लागतात, आणि तिथला एक हंगाम सूक्ष्मजीवशास्त्राच्या किंवा कृषीच्या विद्यार्थ्याला बरेच काही देऊन जातो.

कला शाखेच्या मुलांना ‘तुमच्यासाठी काही नाही’ असे सांगितले जाते, ते आम्हाला पटत नाही. युनिकोड मराठीत इनस्क्रिप्ट कळफलकावर मिनिटाला ३० शब्द टाइप करणारा, बैठकीचे इतिवृत्त एका पानात लिहिणारा आणि कामगारांसाठीची सुरक्षा-सूचना त्यांना कळेल अशा मराठीत मांडणारा माणूस एचआर विभागांना सहज मिळत नाही.

इंग्रजीची भीती मात्र सगळ्या शाखांत आहे. स्पोकन इंग्लिशच्या क्लासवर मुले हजारो रुपये घालवतात. आमच्या कारखान्यांत दिवसभर मराठी आणि हिंदी चालते. इंग्रजी लागते ते दोन ठिकाणी. पहिले, ई-मेल. पुरवठादाराला लिहायचे असेल तर विषयाच्या ओळीत ऑर्डर क्रमांक. मजकुरात किती नग मागवले, किती आले, किती बाद झाले आणि कशामुळे, उरलेले कोणत्या तारखेपर्यंत हवेत. सोबत मापपट्टी शेजारी ठेवून काढलेला बाद तुकड्याचा फोटो. पाच ओळी. असे वीस ई-मेल सरावाला लिहिले की हात बसतो. दुसरे, फोनवरचे आकडे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मधल्या घोळाने पंधराच्या जागी पन्नास पेट्या निघतात. आकडा परत वाचून दाखवायचा, वाटल्यास ‘वन फाइव्ह’ असा सुटा. एवढ्यासाठी सहा महिन्यांचा क्लास लागत नाही.

आता पैशाचे. नोकरी सोडून जाण्याचे पहिले कारण आम्हाला वारंवार दिसते ते हे, की पगार सांगितला एक आणि हातात आला दुसरा. समजा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,००० आणि इतर भत्ते ४,०००, एकूण १६,०००. यातून कामगाराचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १२० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात १४,२४०. (महिलांना महाराष्ट्रात महिना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर नाही, फेब्रुवारीत पुरुषांचा ३०० कापतात.) कंपनी आपल्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि ईएसआय ५२० मिळवून सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, ‘सुमारे १८ हजार’ सांगते. खोटे कुणीच बोलत नाही, पण घरी ‘अठरा हजाराची नोकरी’ असे सांगून आलेल्या मुलाच्या खात्यात चौदा हजार जमा होतात आणि आपली फसवणूक झाली असे त्याला वाटते. हा हिशेब मुलाखतीच्या टेबलावरच कागदावर मांडून द्यावा. उमेदवारानेही तीन गोष्टी विचाराव्यात: हातात किती येणार, पगार कंपनी देणार की ठेकेदार, आणि ओव्हरटाइमचा दर काय. हे विचारले म्हणून ज्याला राग येतो, तिथे जाऊ नये. आणि नोकरीसाठी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणारा कुणीही असो, मोठ्या सरकारी कारखान्याचे नाव सांगत असला तरी, एक रुपयाही देऊ नये.

कागदपत्रांतही एक खास आपल्याकडची अडचण आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. पॅनवर वडिलांचे नाव गाळलेले किंवा आद्याक्षरात. बँकेत आणखी वेगळे. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत घोळ दुप्पट. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, आधारवरच्या नावाने तयार होतो. पुढे पॅनवर किंवा बँक खात्यात नाव वेगळे निघाले की केवायसी अडते आणि पैसे काढताना अर्ज फेटाळला जातो. शेवटच्या वर्षातच आधार, पॅन आणि बँक खाते एका नावावर आणून घ्यावे, आधारला चालू मोबाईल क्रमांक जोडावा. नोकरी लागल्यावर दोन महिन्यांनी पीएफचे पासबुक उघडून पैसे जमा होतात का ते पाहावे; मागच्या महिन्याचे पैसे १५ तारखेपर्यंत भरणे मालकावर बंधनकारक आहे.

अंतराचा विचारही आधी व्हायला हवा. नाशिकरोडला राहणाऱ्या मुलाला सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत सकाळी सातची पाळी लागली तर सहाच्या आत निघावे लागते. मखमलाबाद किंवा आडगावहून तर त्याहून लवकर, आणि कंपनीची बस नसेल तर रोजचा पेट्रोलचा खर्च चौदा हजारांत मोठा ठरतो. रात्रपाळी असेल तर मुलींच्या घरून विरोध होतो. हे सारे नेमणूकपत्र हातात पडल्यावर कळते आणि चौथ्या दिवशी जागा रिकामी होते. रुजू होण्याआधी एकदा पाळीच्या वेळेला त्या रस्त्याने जाऊन यावे, आणि पालकांनीही गेटपर्यंत येऊन पाहावे.

आम्ही कारखान्यांच्या बाजूचे, म्हणून आमच्या बाजूचा दोष झाकणार नाही. ‘फ्रेशर चालेल, दोन वर्षांचा अनुभव हवा’ अशा जाहिराती आम्हीच देतो. पहिल्या दिवशी मुलाला मशीनसमोर उभे करून ‘याच्याकडे बघून शीक’ म्हणतो, आणि ज्याच्याकडे बघायचे त्याला स्वतःचे उत्पादन पुरे करायचे असते, त्यामुळे तो बोलत नाही. लिखित कार्यसूचना असते ती ऑडिटपुरती. मग मुलगा चुकतो, सगळ्यांदेखत बोलणी खातो आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. याला उपाय आहे आणि तो महागडा नाही. पहिला दिवस फक्त सुरक्षेचा आणि ओळखीचा. आपत्कालीन बटण कुठे, प्रथमोपचार पेटी कुठे, अडले तर कुणाला विचारायचे. आणि फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत हे बजावून सांगायचे, कारण नवख्याला हातमोजे घातले की सुरक्षित वाटते आणि तेच चकमध्ये अडकून हात ओढतात. दुसरा-तिसरा दिवस शेजारी उभे राहून नोंदी घेण्याचा. चौथ्या दिवसापासून देखरेखीखाली काम, प्रत्येक पहिला तुकडा सुपरवायझरने तपासायचा. दहा दिवस रोज एक तास एका जाणत्या माणसाचा जातो; त्या तासाचे उत्पादन त्याच्या लक्ष्यातून वजा केले तरच तो मनापासून शिकवतो. हे वजा करणे बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि योजना तिथेच फसते.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा आहे, पण तो फक्त आयटीआयवाल्यांसाठी, असा समज अजून पसरलेला आहे. २०१४च्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही त्यात घेता येते. २०१९च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे, आणि यात ठेकेदाराची माणसेही मोजतात. चार ते एकोणतीस माणसांच्या कारखान्याला सक्ती नाही, पण मुभा आहे. अंबडमधल्या किती छोट्या मालकांना हे माहीत आहे? त्याच नियमांत पदवीधराचे विद्यावेतन किमान ९,००० रुपये ठरले, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. पोर्टलवर उद्योगाची नोंदणी, जागा टाकणे, उमेदवार निवडून करार करणे, दरमहा हजेरी भरणे, एवढीच कामे. अडते ते हजेरीत. ती वेळेवर भरली नाही की सरकारी वाटा लांबतो आणि मालक म्हणतो, ‘योजना बोगस आहे.’ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हजेरी भरण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, निम्मी अडचण संपते.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४मध्ये सुरू झाली. बारावीला ६,०००, आयटीआय व पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना. मुदत सहा महिने, नंतर आणखी पाच महिने वाढवली. कल्पना चांगली आहे. पण अनेक कार्यालयांत मुलांना झेरॉक्स आणि टपालाच्या कामाला जुंपले गेले, आणि मुदत संपल्यावर त्यांच्या हातात फक्त कालावधी लिहिलेले प्रमाणपत्र राहिले. त्यावर आम्हाला काहीच ठरवता येत नाही. प्रमाणपत्रावर केलेली कामे लिहा: किती अर्जांची छाननी, कोणते रजिस्टर, कोणते सॉफ्टवेअर, कुणाच्या देखरेखीखाली. तसा एक कागद आला तर मुलाखत अर्धी होऊन जाते.

ओजेटीलाही हेच लागू. चाळीस पानांचा अहवाल रद्द करा. त्याऐवजी रोजची अर्ध्या पानाची नोंदवही ठेवा: आज काय केले, किती केले, काय चुकले, कुणी तपासले, आणि खाली तपासणाऱ्याची सही. तोंडी परीक्षेत प्राध्यापकांनी त्या वहीतले कोणतेही एक पान उघडून ते काम प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. एका कारखान्यात एका वेळी पाच-सहाहून जास्त विद्यार्थी पाठवू नयेत. तीस पाठवले की ते कॅन्टीनमध्येच बसतात. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी दिवाळीपूर्वी एक यादी काढावी: कोणता कारखाना कोणत्या महिन्यात, कोणत्या शाखेचे किती विद्यार्थी घेईल आणि शिकवणारा माणूस कोण. मोठ्या महाविद्यालयांच्या ओळखी असतात, त्यांचे निभते. पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाणच्या महाविद्यालयांतल्या मुलांना ही यादीच एकमेव वाट आहे, आणि त्यांच्यासाठी महिनाभराच्या वसतिगृहाची सोय झाली पाहिजे. आदिवासी विकास विभाग आणि महापालिकेने हे मनावर घ्यावे.

अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना एकच विनंती. परीक्षा जरूर द्या, पण एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी आधी पदरात पाडून घ्या. पंचविशीत एक वर्षाचे काम दाखवता येणारा आणि तिशीत काहीच न दाखवता येणारा, या दोघांसमोरची दारे फार वेगळी असतात.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. नोकरीच्या छोट्या जाहिराती तुमच्या पानांवर रोज येतात आणि ग्रामीण भागात त्या अजूनही कापून ठेवल्या जातात. त्या स्वीकारताना चार गोष्टी लिहिणे सक्तीचे करा: कामाचे नेमके ठिकाण, पाळीची वेळ, हातात येणारी रक्कम, आणि पगार देणाऱ्याचे नाव, कंपनी असो वा ठेकेदार. ‘आकर्षक पगार’ आणि ‘नाशिक परिसर’ एवढ्यावर जाहिरात छापू नका. ज्याला हे लिहायचे नसेल त्याची जाहिरात गेली तरी चालेल. आमच्या कारखान्यांच्या जाहिराती यापुढे आम्ही याच नमुन्यात पाठवू.

आपले,
नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत भरती आणि प्रशिक्षणाचे काम करणारे काही सहकारी
सातपूर–अंबड, नाशिक